तोफेवर लावलेले घड्याळ

अमेरिकेतील युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले, त्या काळी हिवरखेडचा भगवंत अमरावतीच्या एका व्यापाऱ्याच्या मालाबरोबर मुंबईस गेला, आणि तेथून परतलाच नाही. कोणी म्हणाले, तो जहाजावर चढला. कोणी म्हणाले, समुद्राने गिळला. तीन पावसाळे लोटल्यावर त्याचे चुलते किसनराव यांच्या पुढाकाराने जातीच्या पंचांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला व त्यास भगवंत समजून अग्नी दिला. त्याची बायको मनकर्णा हिच्या हातच्या बांगड्या त्याच दिवशी दगडावर फुटल्या.

तोच भगवंत पुढल्या मार्गशीर्षात, मिशा वाढवून, खांद्यावर लाकडी पेटी घेऊन अंगणात येऊन उभा राहिला!

किसनराव शास्त्रीबुवांस विचारून आले. ज्याची क्रिया झाली तो मृत. सबब त्याने पुन्हा जन्म घ्यावा, नाव घ्यावे आणि मग आपल्याच बायकोशी नव्याने लग्न लावावे, असा निर्णय मिळाला. त्याप्रमाणे ठरल्या दिवशी सकाळी पार्वताबाईंनी आपल्या थोराड लेकास दुपट्यात गुंडाळून त्याचे मस्तक मांडीवर घेतले आणि त्याच्या कानात त्याचेच नाव सांगितले.

"बाई वो, बाळाले मिशा लय लवकर फुटल्या!" शेजारची मैनाबाई म्हणाली.

"अन् भूक पाय ना त्याची. दूध सोडून भाकरच मांगून राह्यलं!" दुसरीने भर घातली.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हळदीच्या अंगाने ओसरीवर बसलेली मनकर्णा मात्र हसली नाही. तिला विधवा करताना कोणी विचारले नव्हते, आणि आता सवाष्ण करतानाही कोणी विचारीत नव्हते. तथापि एका विचाराने ती आपला क्रोध आवरून धरीत होती. भगवंत अथांग पाण्यात हरवला होता. आणि हरवलेल्या माणसावर रागवावे तरी कसे? एवढ्याच आधारावर ती अंतरपाटापुढे उभी राहण्यास तयार झाली होती.

मुहूर्त दुपारचा होता. तोवर वेळ जावा म्हणून भगवंताने आपली पेटी उघडली. तीत पितळेची एक कमान होती. तिच्यावर बारीक रेघा, दोन चिमुकले आरसे आणि एक दुर्बीण. साहेब लोक तिला सेक्स्टंट म्हणत. जहाजावरचा मालीम, म्हणजे वाट दाखविणारा अधिकारी, हिच्यातून सूर्य पाहून जहाजाचे ठिकाण काढी, आणि भगवंत त्याचा मदतनीस होता.

"समुद्रावर पान्याची सरळ रेघ दिसते," तो सांगू लागला. "सूर्य आरशातून खाली आनून त्या रेघेवर टेकवाचा. इथं झाडं हायेत, घरं हायेत, रेघच नाई. म्हून परातीत जवसाचं तेल घेतलं. आभायातला सूर्य तेलातल्या सूर्यावर बसवाचा, अन् जो कोन येईन तो निम्मा कराचा."

किसनरावांनी दुर्बिणीस डोळा लावला. "अबे, सूर्य त हिरवा दिसून राह्यला!"

"काच हाये ते, काका. नाई त डोये जातीन."

"म्हंजे चोहीकडे पानी असलं तरी आपन कोठी हाओ, हे समजते?" ओसरीवरून मनकर्णेने विचारले. नवऱ्याशी, म्हणजे जो होऊ घातला होता त्याच्याशी, ती प्रथमच बोलत होती.

भगवंताचा चेहरा उजळला. "रोज दुपारी समजते! दक्षिणोत्तर ठिकान सूर्य सांगते. पूर्व-पश्चिम घड्याळ सांगते. घड्याळ चुकलं का जहाज खडकावरच जाते. म्हून दर खेपेले मुंबईत आलो का बंदरावरची दुपारची तोफ ऐकून मीच घड्याळ मियवो. मालीमसाहेब दुसऱ्या कोनाले हात लावू दे नाई."

"दर खेपेले?"

तो थांबला. तेलातील सूर्य हालू लागला, कारण त्याच्याच पायाचा धक्का परातीस लागला होता.

"बंदरावर वऱ्हाडचं मानूस भेटलं नाई?"

"भेटत... मोर्शीकडचे भेटत."

"मंग निरोप?"

"वाटे, निरोप धाडला तर काका घ्याले येतीन, मंग जाऊ देनार नाईत. म्हनो, एक खेप आनखी करू अन् जाऊ. मालीमनं हे हातात देल्लं होतं, मनकर्णा! आपल्यात कोनाच्या हाती आलं हे?"

मनकर्णा उठली.

"भगवंत!"

अंगणात जणू वीज पडली. पार्वताबाईंनी कानांवर हात ठेवले. "अवं, नवऱ्याचं नाव घेतं?"

"कोनाचा नवरा, आत्याबाई? माह्या नवऱ्याले तुमी सर्वाईनं पयसाच्या पानात जायलं. हा त आज सकायी जल्मला!" मग ती त्याच्याकडे वळली. "तू हारपला म्हून मी उपास केले. तू तिकडे घड्याळ मियवत होता! जहाजाचं ठिकान रोज काढे. हिवरखेड कोन्या अंगाले हाये, हे एक दिवस तरी काढलं का रे?"

"चुकलो. पाया पडतो."

"पोरी, मुहूर्त टळून राह्यला," किसनराव दरडावून म्हणाले. "पाटावर बस."

"मामंजी, मी विधवा हाओ. तुमीच केली. आपल्या जातीत विधवेचं दुसरं लगन तिच्या राजीखुशीनं लागते का नाई? पंचात बसून तुमीच सांगता."

किसनराव दाढी खाजवू लागले. नाही म्हणावे, तर आजवरचे आपलेच निवाडे खोटे पडत होते. "लागते," ते पुटपुटले.

"मंग मी राजी नाई."

तिने मुंडावळ्या सोडून सासूच्या पदरात ठेवल्या. पार्वताबाईंनी एकदा लेकाकडे पाहिले, एकदा सुनेकडे, आणि पदर तसाच धरून त्या बसून राहिल्या. शेतात बोंडे फुटून पांढरी झाली होती. मनकर्णेने वेचणीचे फडके कमरेस बांधले.

"अवं, हयद त धुवून जाय," मैनाबाई मागे धावत आली.

"घामानं निंगन."

उन्हे कलेपर्यंत ती सरीमागून सरी वेचीत राहिली. बोंडांच्या सुकल्या टोकांनी तिची बोटे रक्तबंबाळ झाली. "हळू वेच वं," मैनाबाई म्हणाली. तिने हळू वेचले नाही.