चिन्ह चुकलं की उभं राहायचं

आमच्या ह्यांना सकाळी माझं नाव आठवलं नाही, पण कूलोमचा नियम तोंडपाठ. चाळीस वर्षं संसार केला मी, आणि लक्षात राहिला कोण, तर मेला कूलोम. डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढतच जाणार. म्हणून मी ह्यांची फिजिक्सची शिकवणी तेवढी जिवापाड धरून ठेवलीय. एके काळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या जिन्यावर चपलांचा खच पडायचा. आता बारावीतली एकटी प्रियंका येते, वळसंगहून एसटीनं. तिचे वडील मेंढरं राखतात. ती यायची थांबली तर हे पुरतेच हातचे जातील, अशी मला धास्ती.

काल ह्यांनी फळ्यावर दोन प्लेट काढल्या, डावी प्लस, उजवी मायनस. मधे सगळीकडं सारखं फील्ड, डावीकडून उजवीकडं.

"इलेक्ट्रॉन फील्डच्या दिशेनं सरकवला. पोटेन्शियल एनर्जीचं काय होईल?" विचारलं, स्वतःच लिहिलं, कमी होते, आणि खुर्चीत बसले.

प्रियंकानं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच खुणावलं, राहू दे. पण ह्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"बोल की गं. तोंड शिवलंय का?"

"सर, प्लस चार्जची कमी झाली असती. इलेक्ट्रॉन मायनस हाय. फील्ड त्याला मागं ओढतंय, आपण जबरदस्तीनं पुढं नेतोय. म्हंजे वाढणार की."

हे फळ्याकडं बघत राहिले आणि हसले. ह्यांच्या वर्गात चिन्ह चुकलं की तास संपेपर्यंत उभं राहायचं, मग कुणाचाही पोरगा असो. "नियम तो नियम," म्हणत हे खुर्चीतून उठले आणि हात बांधून उभे राहिले. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, माणूस अजून जागेवर आहे.

चहा घेऊन आले तर हे तसेच उभे.

"बाई," मला म्हणाले, "मी का उभा आहे? माझं काही चुकलं का?"

मी चहा टेबलावर ठेवला.

प्रियंका उठली. "तुमचं न्हाई सर. चिन्ह माझं चुकलं. तुमी मला समजावत होता."

"मग उभी राहा," हे दरडावून म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पोरगी हात बांधून उभी राहिली. "इलेक्ट्रॉनची कमी होते. किती वेळा सांगायचं?" हे पुन्हापुन्हा विचारत होते. मी आत ओट्याशी रडत होते, आणि बाहेर ती दर वेळी म्हणत होती, "व्हय, सर. कमी होते."