चौथी रेघ

तुर्की, युरालिक आणि तुंगुसिक या तीन वेगळ्या कुळांतल्या तीन भाषांमध्ये, माणसाचा भार न पेलणाऱ्या पातळ बर्फाला ‘इर्मेत’ म्हणतात, असे कोशाच्या नोंदीत होते. त्या भाषा बोलणाऱ्या गावांमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. प्रत्येक गावात हा शब्द फक्त एका म्हातारीला ठाऊक होता. तिच्या लेकीसुनांना नव्हता.

भाचीने मामांनी आणलेली त्या तिघींची ध्वनिफीत पुन्हा मागे घेतली.

“अगं, किती वेळा ऐकशील?” मामा दारातूनच म्हणाले. “कान आहेत की नुसतीच भोकं?”

व्युत्पत्तिकोशाचे प्रमुख संपादक या नात्याने मामांनी हयातभर इतरांच्या अकलेची कीव केली होती. तिन्ही कुळांची जननी एकच, हा त्यांचा सिद्धान्त आणि ‘इर्मेत’ हा त्याचा कणा. खंड उद्या छापखान्यात जायचा होता. उच्चार तपासल्याची ग्वाही म्हणून त्या नोंदीखाली भाचीचे नाव पडणार होते. ती पदार्थविज्ञान शिकून संस्थेत आलेली, म्हणून मामा तिला चारचौघांत ‘मिस्त्रीण’ म्हणत. तीही काही कमी नव्हती. मामांच्या सिद्धान्ताबद्दल तिला वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याइतकाच आदर होता. फक्त राशिभविष्याला तळटीपा नसतात, एवढाच फरक ती मान्य करी.

पडद्यावर आवाजाचा चढउतार रेघेच्या रूपात उमटत होता. नदी, चूल, कुत्रा: प्रत्येक शब्दाच्या शेवटी म्हाताऱ्यांची रेघ खाली उतरत होती, माहीत असलेली गोष्ट सांगताना उतरते तशी. ‘इर्मेत’पाशी मात्र तिघींचीही रेघ वर चढली होती.

“मामा, फितीवर प्रश्नच नाहीत.”

“माझा आवाज कुणाला ऐकायचाय? कापून टाकले.”

“‘नदी’ कशी विचारायचात?”

“बोट दाखवून. लहान मुलालाही कळेल.”

“आणि पातळ बर्फ? तुम्ही तर तिन्हीकडे उन्हाळ्यात गेला होतात.”

मामांनी तिच्याकडे एखाद्या फुटक्या बरणीकडे बघावे तसे पाहिले. “मग बोट कुठं दाखवणार? कपाळाकडं? मूळ शब्द काय असला पाहिजे, हे मी इथूनच नियमांनी काढून नेलं होतं. तो मी उच्चारायचो, मग त्या उच्चारायच्या. अडाण्यांच्या पोटातलं असंच बाहेर काढावं लागतं, मिस्त्रीणबाई.”

भाचीने मान डोलावली. तिने कळ दाबली; मायक्रोफोनचा लाल दिवा लागला. मायक्रोफोन तिने पुसायला घ्यावा तसा मामांकडे जरासा वळवला.

“बरोबर आहे. आणि वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा तो शब्द, ‘बोल्तुक’, तो घेतलाय ना?”

“बोल्तुक,” मामा म्हणाले. “अर्थात. पुढच्या खंडात येतोय. तू जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे मला.”

तिने चारही रेघा एकाखाली एक लावल्या. मामा चष्मा सावरत पडद्यावर वाकले. तीन रेघा टोकाशी वर चढत होत्या. चौथी कुठेही न अडखळता खाली उतरली होती.

“ही चौथी म्हातारी कोण?” त्यांनी समाधानाने विचारले. “हिचं बघ. हिला नक्की माहिती आहे.”

“ते तुम्ही आहात.”

मामा वाकलेलेच राहिले.

“‘बोल्तुक’ हा शब्द कुठल्याच भाषेत नाही, मामा. आज सकाळी चपला घालताना मी तो तयार केला.”

चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला. काच स्वच्छच होती. मग हात लांबवून त्यांनी लाल दिवा बंद केला.

मुद्रितशोधक दारात घुटमळत होता. “बाई, ‘इर्मेत’चं पान लावू का?”

“नोंद काढा,” भाची म्हणाली. “तिथं मी सांगते ते घाला.”

तो लिहू लागला. मामा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

“हा शब्द तिन्ही भाषांत नाही. संग्राहकाने तो स्वतः उच्चारला. तिघींनी तो न कळल्यामुळे परत विचारला. त्यांचे विचारणे उत्तर म्हणून नोंदवले गेले.”