आकाइतीचा शेवटचा टाका

"लाल दोन, पांढरा एक, हिरवे तीन, पुन्हा पांढरा," आकाइती वाचत होती. वाचत म्हणजे काय, समोर कागद नव्हताच. सगळं नक्षीकाम तिच्या डोक्यात. ती रंग बोलायची आणि आम्ही चौघी तिच्याभोवती केवड्याच्या चटईवर बसून तुकडे दोऱ्यात ओवायचो. एका ओळीची एक माळ. ओवून झाली की दोन्ही टोकांना गाठ मारायची, आणि मग ज्या माळा जिच्या वाट्याला येतील त्या तिनं घरी नेऊन, गाठी न सोडता शिवायच्या. तुकडे नखाएवढे, कुणाचा फाटका झगा, कुणाच्या पोराचा शाळेचा सदरा, कुणाच्या खिडकीचा विटलेला पडदा. एका गोधडीला आठ-दहा हजार लागतात. त्यात एकाची जागा चुकली की पुढचे सगळे सरकतात आणि फुलाचं फूल राहत नाही.

"ही कुणासाठी म्हणायची, आकाइती?" नूरोआनं विचारलं.

"तुआइनेच्या नातवासाठी. पुनुआच्या खुर्चीवर घालायला. जानेवारीत केस कापायचेत ना त्याचे."

तुआइने म्हणजे मी, आणि आकाइती माझी थोरली नणंद. नूरोआची सुई हवेतच थांबली. बाकीच्या दोघींनी माना खाली घातल्या. मी म्हणाले, "बरं झालं, वन्सं," आणि माझा तुकडा ओवायला गेले तर सुई बोटात शिरली.

आता हे सांगायलाच हवं, आणि माझ्या तोंडानंच सांगायला हवं, कारण सुरुवात माझ्याच जिभेनं केली. आमच्या अतिऊ बेटावर तिवाएवाए, म्हणजे आमची गोधडी, लग्नाला लागते, पोराचे पहिल्यांदा केस कापताना लागते, पाहुण्याला निरोप देताना लागते आणि मढ्याला लागते. मेलेल्याला त्याच्याच गोधडीत गुंडाळून मातीत ठेवतात. वर्षभर डोळे फोडून शिवलेली वस्तू एका दुपारी खड्ड्यात जाते, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. एकदा आकाइतीनं म्हाताऱ्या पाद्रीबाबांना निरोपाची गोधडी दिली आणि ते रारोटोंगाच्या मोठ्या बेटावर पोचून महिन्याभरात गेले. वय अठ्ठ्याहत्तर होतं. पुढच्या वर्षी तिनं एका मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला दिली, आणि ती पोरगी बंदराच्या उतारावर मोटारसायकलवरून पडून गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी भर चटईवर बोलून गेले, "वन्सं, तुमचा शेवटचा टाका पडला की गावात खड्डा खणावा लागतो बाई."

सगळ्या खो खो हसल्या. सगळ्यांत जास्त आकाइती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सहा महिन्यांनी तिनं आपल्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची गोधडी पुरी केली आणि आठवड्यात तिचा नवरा पाओरा पोटाच्या दुखण्यानं गेला. तीच गोधडी त्याच्याबरोबर गेली. त्यानंतर कुणी हसलं नाही, पण वाक्य गावभर राहिलं. लोक तिच्याकडून शिकायला येत, पण तिच्या हातची गोधडी घ्यायची वेळ आली की कुणाला प्रवास निघे, कुणाला खोकला. मी एकदाही म्हणाले नाही की अगं, ती थट्टा होती.

आणि आता तिची गोधडी माझ्याच दाराशी आली होती. नको म्हणायची सोय नाही. आमच्यात गोधडी नको म्हणणं म्हणजे माणूसच नको म्हणणं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माझी बहीण आहे ती. बायकांच्या सुयांत मला ओढू नकोस." आणि गेला अळूच्या वाफ्यात.

तरी खोटं कशाला बोलू, त्या महिन्यांत मला जेवढं सुख मिळालं तेवढं कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. गुरुवारी सगळ्या जमायच्या. नीरफणस भाजलेला असायचा, कुणी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणायची, आणि हात चालू झाले की तोंडं चालू व्हायची. एखादा तुकडा हातात आला की आकाइती ओळखायची. "तुआइने, हा आईचा, तुझ्या सासूचा रविवारचा झगा. ही ताठ म्हातारी, देवळात पुढच्या बाकावर बसून घोरायची." मग त्या म्हातारीच्या गोष्टी. शिवलेल्या ओळी एकमेकींना जोडत गेल्या की मधूनच एक लाल पाकळी पुरी व्हायची आणि आम्ही सगळ्या हात थांबवून बघत राहायचो. इतकं सुंदर आपण करतोय याचा आनंद व्हायचा, आणि लगेच आठवायचं की ही पुरी होत चालली आहे. गोधडी वाढत होती आणि माझी झोप कमी होत होती.

डिसेंबरात माझा मुलगा तेरेमोआना ऑकलंडहून बायकोपोरासह आला. पुनुआ सात वर्षांचा, केस कमरेपर्यंत, जन्मल्यापासून कात्री लागलेली नाही. विमानातून उतरला तोच समुद्राकडे पळाला आणि तिसऱ्या दिवशी प्रवाळावर पाय कापून घेतला. पाय सुजला, ताप चढला. दवाखान्यातल्या नर्सबाईनं इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, उतरेल.

दोन दिवस उतरला नाही. नूरोआ पोराला बघायला आली आणि जाताना ओट्यावर थांबली.

"किती ओळी राहिल्यात गं?"

"कसल्या?"

"उगाच येड पांघरू नकोस, तुआइने. गोधडीच्या."

"अकरा. माळा ओवून ठेवल्यात, उद्या वाटणार आहेत."

"आणि ताप किती आहे?" तिनं विचारलं, आणि उत्तराला न थांबता चालती झाली.

त्याच दुपारी मी उकडलेल्या अळकुड्या घेऊन आकाइतीकडे गेले. अकरा माळा खोलीत खिळ्यांना ओळीनं टांगलेल्या होत्या. ती मागे चुलीपाशी होती, तिथूनच मला ओरडून पुनुआची चौकशी करत होती. पाय वाळूत ठेवू देऊ नकोस, मी रात्री प्रार्थना करते त्याच्यासाठी, असं काय काय. मी "हो, हो" म्हणत एकेका माळेची गाठ सोडत होते. मधला एक तुकडा काढायचा आणि टोकाला ओवायचा. तुकड्यांची संख्या तेवढीच. मोजले तरी बरोबर येणार. फक्त मधले सगळे एकेक घर सरकणार. पाच माळा झाल्या आणि तिच्या पावलांचा आवाज आला. मी गाठ आवळली आणि अळकुड्या सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनुआचा ताप उतरला. उठून बसला आणि खायला मागू लागला. इंजेक्शन लागू पडलं असं सून म्हणाली. मला मात्र वाटलं, मी केलं. देवाशपथ सांगते, मला त्या क्षणी जराही वाईट वाटलं नाही.

वाटलं ते पुढच्या गुरुवारी. प्रत्येकीनं आपापल्या ओळी घरी शिवून आणल्या होत्या. आकाइतीनं पहिली ओळ गोधडीला लावून पाहिली, उलटी करून पाहिली, दुसरी लावली, तिसरी लावली. पाकळीला पाकळी मिळेना. चाळीस वर्षांत तिची ओळ चुकलेली कुणी पाहिली नव्हती. ती तोंडातल्या तोंडात रंग मोजत राहिली, मग बोटं थांबली.

"माझं डोकं गेलं बाई," ती म्हणाली. "आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी रंग विसरली, मग आम्हांला."

मग नूरोआ हळूच म्हणाली, "होतं असं. आता बारा दिवसांत उसवून कधी व्हायचं? राहू दे ही. पुढं कुणाला तरी होईल." बाकीच्यांनी भराभर माना हलवल्या. सगळ्यांचे चेहरे कसे सैल पडले ते मी पाहिलं, आणि माझाही पडला असणार. आकाइतीनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग गोधडी, ओळी, सुया गोळा केल्या आणि घरी गेली. त्यानंतर ती देवळातही दिसली नाही. तिचं दार लोटलेलं असायचं.

केस कापायच्या दिवशी अंगणात मांडव घातला. खुर्चीवर एकावर एक सात गोधड्या, मागच्या दोरीवर आणखी बारा. पुनुआचे केस वळून बटाबटांना रंगीत फिती बांधल्या होत्या. पहिली बट कापायचा मान आकाइतीचा, कारण घराण्यात तीच थोरली. नवे पाद्रीबाबा प्रार्थना संपवतात तोच ती फाटकातून आली. काखेत घडी होती.

तिनं ती दोन्ही हातांनी झटकून उघडली आणि अंगणभर "अहाहा" उमटलं. एकही पाकळी तुटलेली नव्हती. पाचही ओळी तिनं एकटीनं उसवून पुन्हा शिवल्या होत्या, आणि उरलेल्या सहाही जोडल्या होत्या. पाओराबरोबर मातीत गेली त्या गोधडीनंतर मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नव्हतं. मग त्या "अहाहा"च्या मागोमाग सगळे गप्प झाले. सुनेला काहीच ठाऊक नव्हतं, ती हसत पुढे झाली. नूरोआनं तिचा दंड धरला.

मी आकाइतीपाशी गेले. "द्या वन्सं," मी म्हणाले, "खुर्चीवर घालते."

"नको," ती म्हणाली. आवाज इतका हळू की फक्त मलाच ऐकू यावा. "हात मागे घे. चुकलेल्या पाचही माळांच्या गाठी डावऱ्या हाताच्या होत्या, तुआइने, आणि त्या ओवल्या होत्या इतरजणींनी. आपल्यात डावरी तू एकटीच. घरी जाऊन पाहिलं तेव्हा समजलं. तोवर मी खरंच मानत होते की माझं डोकं गेलं."

"वन्सं, पोराला ताप होता."

"ठाऊक आहे. मला सांगायचं होतंस. मीच जाळली असती." तिनं गोधडीची कड सारखी केली. "बारा दिवस वाट पाहिली तुझी. आज सकाळी शेवटचा टाका घातला."

मग तिनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही पोरासाठी नाही. ही मी माझ्यासाठी शिवलीय."

तिनं कात्री घेतली, पुनुआची पहिली बट कापली, त्याच्या कपाळाचा मुका घेतला. कुणी अडवलं नाही, पण ती वाकली तेव्हा मी अर्धं पाऊल पुढे टाकलं होतं आणि तिला ते कळलं. मग ती मांडवाच्या बाहेर गेली, नीरफणसाच्या झाडाखाली आपली गोधडी पसरली आणि तिच्या मधोमध पाय लांब करून बसली. एवढी मोठी गोधडी, दहा बायका सहज मावतील. लोक बटा कापत होते, ढोल वाजत होते, पोरं नाचत होती, आणि त्या झाडाखालून कुणी जात नव्हतं. ती प्रत्येक बटेला टाळ्या वाजवत होती.

जेवणं सुरू झाल्यावर मी तिचं ताट वाढलं. डुकराचं मांस, अळकुड्या, नारळाच्या दुधातली पानं, तिला आवडतो तसा भरपूर रस. ताट घेऊन गोधडीच्या काठापर्यंत गेले आणि थांबले.

"ये," ती म्हणाली, आणि सरकून तिनं जागा केली. "उभी काय? बस. जेवू दोघी."

माझ्या पायाच्या अंगठ्यापुढे लाल पाकळी होती. माझ्या सासूच्या झग्याची. ते वाक्य माझंच होतं, थट्टा माझीच होती, गाठी मीच सोडल्या होत्या, सगळं मला ठाऊक होतं. तरी माझा पाय उचलेना. मी वाकून ताट काठाबाहेर गवतावर ठेवलं आणि म्हणाले, "मांडवात वाढायचंय अजून."

"हो. जा," आकाइती म्हणाली. हात लांब करून तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं, डोळे मिटून प्रार्थना म्हटली, आणि जेवायला लागली.