देठाला दोरा

नारंगी दोरा. पांडेसऱ्याच्या एका कारखान्याने फेकायला काढलेला, पॉलिस्टरचा, दातांनी तुटत नाही.

लिंबायतच्या एका खोलीत मुलगी झाली. आजीचं नाक घेऊन आली म्हणून सगळे हसले.

कापसाचं फूल पहिल्या दिवशी पिवळट, दुसऱ्या दिवशी गुलाबी.

चलथाणला ऊसतोड लागली.

मधमाशी बांध ओळखत नाही.

तर ही आजी म्हणजे मालतीबाई. चलथाणजवळ भावाच्या शेताला लागून तिचा एक तुकडा, त्यात आईने खानदेशातून आणलेला साधा कापूस. आजूबाजूला सगळा बीटी. माशीने बीटीचे पराग आणून टाकले की साध्याचं बी बाटलं. दिसायला तेच, उगवल्यावर निराळं. इतकी वर्षं मध्ये भावाचा ऊस भिंतीसारखा उभा असायचा. शिवाय मालतीबाई रोज संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरून तिच्या टोकाला दोरा आवळायची, दोऱ्याचं दुसरं टोक देठाला. कळी उमलायचीच नाही, आतल्या आत फळायची. पाकळ्या वाळून सुटल्या तरी दोऱ्यात अडकून लोंबायच्या. बियाण्याला ठेवायची ती हीच बोंडं, देठासकट टांगून. जूनमध्ये गावातल्या बाया यायच्या, देठाचा दोरा बघायच्या आणि काही न विचारता बी न्यायच्या.

यंदा आधीची बोंडं अवकाळीत सडली. पुन्हा बहर आला तेव्हाच ऊस तुटला, आणि तेव्हाच तिकडे लिंबायतला सुनेला कळा लागल्या.

"जा तू, आक्का," भाऊ लक्ष्मण म्हणाला. "लूमवर सुताची तुटकी तार जोडण्यात माझा जन्म गेला. मला दोरा शिकवतेस?"

मग रोज दिवेलागणीला फोन.

"बांधले का रे?"

"थई गयुं, आक्का, झालं."

"सगळ्या कळ्या?"

"एक सोडली नाही. तू नातीला बघ, मी तुझ्या या पोरींना बघतो."

फोन ठेवून ती विहिणीला सांगायची, भाऊ असावा तर असा.

परतली ती पिशवी घेऊन थेट शेतात. बांधावरूनच झाडाझाडावर नारंगी दिसलं. तिला भरून आलं. मग तिने एक बोंड हातात घेतलं. दोरा होता. दोन्ही टोकं देठालाच, नीट गाठ मारलेली. पाकळ्या नव्हत्या. दुसरं बोंड, तेच. तिसऱ्याच्या दोऱ्यावर धूळसुद्धा बसली नव्हती. म्हणजे फुलं उघडी राहिली, माश्या येऊन गेल्या, बोंडं धरली, आणि मग सावकाश बसून देठांना दोरे बांधले.

लक्ष्मण आला. "काय गं, नातीची जिलेबी कुठाय माझी?"

"हे कधी बांधलेस?"

"रोज."

"मग पाकळ्या कुठायत?"

"वारा होता."

"लक्ष्मण."

तो चपलेने ढेकूळ फोडत राहिला. "तोडीवाल्यांच्या मागे होतो, आक्का. एक दिवस राहिलं, मग राहूनच गेलं. काल म्हटलं, तू येशील, जिवाला लावून घेशील."

"म्हणून दोरे बांधलेस."

"आता दोरा आहे ना देठाला? बाया दुसरं काय बघतात?"

तिला फसवलं ते एक. आता तिच्याच हाताने तो त्या बायांना फसवायला सांगत होता, आणि वर त्याला ती मायाच वाटत होती.

ती खाली बसली. देठाचा दोरा दातांनी ओढू लागली. तुटेना.

"विळा आण."

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

ती एकेक दोरा कापत सुटली, ओळीमागून ओळ. मागे उभा राहून तो म्हणत होता, पुढच्या वर्षी बांधू की, बी काय संपलंय? संपलंच होतं. मागचं सगळं पेरलं होतं, आणि पेरायला तोच सोबत होता.

"बायांना काय सांगशील?" त्याने विचारलं.

"तुझं नाव सांगेन."

शेवटच्या ओळीशी तिचा विळा थांबला. तिथे थोड्या बोंडांच्या दोऱ्यांत वाळक्या पाकळ्या लोंबत होत्या.

ती लिंबायतला गेली त्या पहिल्या संध्याकाळी लक्ष्मणने दोरे अगदी बरोबर बांधले होते.