त्याला म्हणायचंय

"त्याला म्हणायचंय, पाण्याची वाफ होते आणि ती वर जाते," आई म्हणाली आणि तिने मुलाच्या हनुवटीवरची लाळ रुमालाने टिपली.

नव्या बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी त्याला विचारलंय. आपण थांबू."

सहावीच्या वर्गाला थांबायची सवय नव्हती. कुणीतरी कंपासपेटी पाडली, मागे कुणीतरी जांभई दिली. मुलाची मान वळली, डावा हात आपोआप वर गेला, तोंड उघडलं. उत्तर आईच्या जिभेवर तयार होतं. काल संध्याकाळी तिने ते त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. पण तो शेवटी म्हणाला, "मा...हीत... नाही."

"चालेल. तेही उत्तरच आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

आईचा चेहरा पडला. पाच वर्षांत असं चारचौघांत तिचं नाक कुणी कापलं नव्हतं.

जन्माच्या वेळी मुलाचा श्वास अडकला होता, तेव्हापासून हातपाय ताठ आणि बोलणं अडखळत. डोकं मात्र शाबूत. पहिलीत घेताना मुख्याध्यापकांनी अट घातली होती, "सोबत घरचं माणूस बसलं पाहिजे. आमच्याकडे सांभाळायला कुणी नाही." बाप गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसा झोपणारा. मग आईच बसली. शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन.

लहानपणी तिची शाळा चौथीतच सुटली होती. घरात पाठोपाठ भावंडं आली आणि त्यांना कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. त्यामुळे मुलाच्या चार इयत्ता तिने उजळणीसारख्या केल्या आणि पाचवी लागल्यावर कान टवकारले. तिला गोडी लागली. गुरुजी तिच्यावर वर्ग सोपवून "जरा बघा हो, आलोच" म्हणत जायचे ते तास संपल्यावरच उगवायचे. तोंडी परीक्षेत मुलगा सुरुवात करायचा आणि ती "त्याला म्हणायचंय" म्हणून पुढचं सगळं सांगायची. मार्क पडायचे. मुलगा दरवर्षी पास. "शाळेतली सगळ्यात नियमित विद्यार्थिनी," मुख्याध्यापक पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायचे आणि पाहुणे हसायचे. तीही हसायची. टोमणा तिला कळत नव्हता असं नाही, पण विद्यार्थिनी हा शब्द तिला आवडायचा.

मुलाला मात्र एकही मित्र नव्हता. आई शेजारी बसलेली असताना कुणाच्या कानात कोण काय सांगणार?

यंदा वरून आदेश आला की अशा मुलांचा निकाल सुधारलाच पाहिजे आणि त्यासाठी या नव्या बाई आल्या. मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "याचा निकाल चांगलाच आहे की. कशाला उकरून काढताय?"

"तो त्याच्या आईचा निकाल आहे, सर."

बाई हे आईसमोरच म्हणाल्या. त्यांनी आठवडाभर मुलाला एकट्याला तपासलं होतं आणि आता आईला ऑफिसात बोलावून समोर बसवलं होतं. "मुलगा हुशार आहे. पण अभ्यास दुसरीच्या मुलाएवढा. त्याला स्वतः विचार करायची वेळच कधी आली नाही."

"मी त्याच्यासाठी जिवाचं रान केलंय, बाई."

"तेच सांगतेय मी. आता पुरे. त्याला उचलायला, भरवायला मदतनीस मिळालीय. तुम्ही वर्गात बसायचं नाही."

"मग मी काय करू?"

"घरी जा. आराम करा."

नव्या बाई बरोबर होत्या, हीच तर पंचाईत होती. चुकीच्या असत्या तर आईने शाळा डोक्यावर घेतली असती. तिने फक्त व्हरांड्यात बसायची परवानगी मागितली, खिडकीखाली, कुणाला दिसणार नाही अशी. बाईंनी नाइलाजाने मान डोलावली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. वर्गात प्रश्न विचारला जायचा, मग शांतता पसरायची आणि त्या शांततेत आपला मुलगा तोंड उघडून बसलाय हे तिला न बघता कळायचं. एकदा तिला राहवलं नाही. खिडकीखालून तिने उत्तर सांगून टाकलं. पोरं खो खो हसली. मदतनीस बाहेर येऊन म्हणाली, "ताई, तो बाकावर डोकं टेकून बसलाय. नका ना असं करू."

त्यानंतर तिने दातांत रुमाल धरायला सुरुवात केली. हळूहळू आतून आवाज येऊ लागला. तिनाचा पाढा, अर्धा चुकीचा, पण त्याचा. मग बरोबर. तिला आनंद व्हायचा आणि त्याबरोबरच मनात यायचं, आपल्याशिवायही जमतंय की याला. तरी ती रोज यायची, आता थोडी स्वतःसाठीसुद्धा. भिंतीला टेकून इतिहास ऐकायची, दशांश अपूर्णांकांची बेरीज नखाने फरशीवर मांडून बघायची. तिची सगळी गणितं बरोबर येत होती, पण ती तपासणारं कुणी नव्हतं.

शनिवारच्या शेवटच्या तासाला नव्या बाईंचा एक खेळ असायचा. प्रत्येकाने मनातलं एक पूर्ण वाक्य बोलायचं, कुणीही मदत करायची नाही, सगळ्यांनी थांबायचं. त्या शनिवारी मुलाने स्वतः हात वर केला.

आधी, आई ओढते तसं जोरात नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "त्या...ला म्हणा...यचंय." हेल हुबेहूब आईचा होता, घाईसुद्धा तिचीच. वर्ग कोसळला. बाकांवर हात आपटले गेले. खिडकीखाली आईलाही हसू फुटलं. आपल्या पोराने अख्ख्या वर्गाला हसवलं, याहून तिने दुसरं काय मागितलं होतं?

हसणं ओसरल्यावर तो पुढे बोलला. वेळ लागला, पण कुणी मध्ये पडलं नाही.

"आई... नसली... की... मला... बरं... वाटतं."

नव्या बाईंना खिडकीखाली कोण बसलंय हे माहीत होतं. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शाब्बास. पूर्ण वाक्य." आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

एका वाक्यासाठी तिने किती दवाखाने पालथे घातले होते, त्याच्या जबड्याला किती तेल चोळलं होतं. ते वाक्य आज आलं होतं आणि त्यात काडीची चूक नव्हती. ती उठली, चपला हातात घेऊन व्हरांडा ओलांडला आणि घंटा होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली.

परतताना एक पोरगा सायकलवरून ओरडला, "ए, सोमवारी परत करून दाखव हां!" मुलाने चाकांच्या खुर्चीतून हात उंचावला. त्याचा चेहरा फुलला होता.

"काय करून दाखवायचंय रे?" आईने विचारलं.

"का...ही नाही."

तिने खुर्ची ढकलत नेली.

सोमवारी तिने फाटकाशीच मुलाला मदतनीस बाईच्या हवाली केलं आणि घरी आली. दाराच्या आवाजाने नवऱ्याची झोपमोड झाली.

"एवढ्यात आलीस? सुट्टी आहे का?"

"नाही. शाळा भरलीय त्याची. मी नाही जाणार आता."

"बरं झालं. सुटलीस." त्याने उशी नीट केली. "मग नाक्यावरच्या शिलाईच्या कारखान्यात विचार की. बाया घेतायत. फक्त शिक्षण विचारतात म्हणे. किती सांगशील? चौथी?"

"सहावी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "अर्धी."

त्याला वाटलं गंमत करतेय. तो हसला आणि कूस बदलून पुन्हा झोपला. त्याची झोप मोडू नये म्हणून तिने खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं आणि मुलाचे कपडे धुवायला घेतले.