शेपट्या मोजायच्या

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी लेकीच्या टीचरनी मला थांबवून घेतलं. रिद्धी अंक घडाघडा म्हणते, पण वस्तू मोजायला दिल्या की निम्म्यावरच थांबते. सोमवारी पुन्हा बघू, नाही जमलं तर सिनिअर केजीमधून परत ज्युनिअरला बसवू, म्हणाल्या. हसून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

शनिवारी माझा नवरा सुजीत कंपनीत गेला आणि मी ताटलीत वीस राजमे मांडून बसले. रिद्धीने मोजले. दहा. पुन्हा मोजले, पुन्हा दहा. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला.

"दहाच आहेत ना, मम्मी," ती म्हणाली. डोळे भरलेले.

मग मी तिच्या हातांकडे नीट पाहिलं. ती दोन राजमे उचलायची, टोकाला टोक लावायची, बाजूला ठेवायची आणि एक आकडा म्हणायची.

सुट्टीभर ती दांडी गावात होती, समुद्रकाठी माझ्या माहेरी. आजीच्या मागेमागे, बोंबील वाळत घालायला. दोन ओले बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या, बांबूंना ताणून बांधलेल्या दोरीवर टाकायची. एक शेपटी इकडे, एक तिकडे. मीही तिच्याएवढी असताना टोपलीपाशी बसून जोड्या लावायचे. आई न बघताच हात मागे करायची आणि जोडी तिच्या हातात पडायचीच. बारीक दात बोटांना टोचायचे. झोपताना केसांनाही खारा वास यायचा, आणि तो मला घराचाच वास वाटायचा. आता बोईसरच्या बिल्डिंगमध्ये शेजारी वास जाऊ नये म्हणून मी सुके बोंबील डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी माळ्यावर ठेवते.

आईला फोन लावला. ती कितीतरी वेळ हसतच होती.

"तुजीच पोर हाय. तू पण शालेत अशीच मोजायचीस. गुरुजी घरी आलेले."

मला काहीच आठवत नव्हतं. मग तू काय केलंस, मी विचारलं.

"काय करनार? तोंडं नको मोजू, मी बोलले, शेपट्या मोज."

खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत मी सुतळी बांधली. पेपरचे बोंबील कापले, तोंडाशी चिकटवून दहा जोड्या केल्या. रिद्धीने त्या खुर्चीवर चढून टांगल्या आणि खालून एकेका शेपटीला टिचकी मारत गेली. वीस भरले. मग विसावी शेपटी धरून लोंबकळली, सुतळीसकट सगळं खाली आलं, आणि आम्ही ते पुन्हा टांगलं.

सोमवारी टीचरनी तिच्यापुढे बटणं ओतली. रिद्धीने दोन उचलली, एकमेकांना टेकवली. तिने मान वळवून मला विचारलं, "शेपट्या ना?"

टीचर माझ्याकडे बघायला लागल्या. शाळेत मी माहेर पालघरचं एवढंच सांगत आले होते.

"माझी आई दांडीला बोंबील सुकवते," मी म्हणाले. "ही तिच्याकडे मोजायला शिकली. जोडीचा एक धरते."

रिद्धीचं बोट तोवर पुढे गेलं होतं. अठरा, एकोणीस, वीस.

टीचरनी बटणं गोळा करता करता विचारलं, "आणि जोड्या किती गं?"

"दहा," रिद्धी म्हणाली. "तेवढ्या मी एकटी लावते."

टीचरनी तिचं दप्तर उचलून सिनिअरच्या खुंटीला अडकवलं.

घरी आल्यावर मी माळ्यावरचा बोंबलांचा डबा खाली काढला.