सगळे थांबे उजवीकडे

मी एक जुनी बस आहे. 'बिचारी' मात्र म्हणू नका, तो शब्द मला अजिबात खपत नाही. माझं इंजिन अजून पहिल्या चावीला सुरू होतं. चढ लागला की आजच्या चकचकीत गाड्यांना मी मागे टाकते. बरं, सगळ्यांना नाही, पण काहींना नक्की! मित्रांनो, आता माझ्या पोटात बाकं नाहीत. पलंग आहे, शेगडी आहे, भांडी घासायला छोटंसं बेसिन आहे. लोक मला मोटारहोम म्हणतात. माझी पहिली सहल कशी ठरली आणि ठरता ठरता कशी बारगळायला आली होती, तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथे पत्रा जोडणारा एक कारागीर होता. रिव्हेटची खीळ ठोकून झाली की तो तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि जरा खडबडीत लागलं की पुन्हा ठोकायचा. त्याचा मला भयंकर राग यायचा. पण पुढे बावीस वर्षं माझ्या छतातून पाण्याचा थेंब आत आला नाही, तेव्हा कळलं की माणूस कामाचा होता.

मला मार्गही झकास मिळाला. बाजाराच्या गावातून निघायचं, डोंगर चढायचा, वरच्या तळ्याला वळसा घालायचा आणि पलीकडे उतरून समुद्रकाठच्या दीपगृहाशी थांबायचं. चालवणारे होते आमचे ड्रायव्हरसाहेब आणि तिकिटं फाडायच्या कंडक्टरबाई. दोघं नवरा-बायको. डेपोतले लोक म्हणायचे, एका गाडीवर देऊ नका यांना, भांडतील. भांडायचे ना! पण घरी. गाडीवर बाई त्यांना 'ड्रायव्हर' म्हणायच्या आणि साहेब त्यांना 'बाई'. दीपगृहाशी इंजिन बंद झालं रे झालं की लगेच 'अहो' आणि 'अगं' सुरू व्हायचं.

तळं आलं की प्रवाशांची एकच गडबड उडायची. सगळे डावीकडच्या खिडक्यांकडे लोटायचे. "बाई, दोन मिनिटं थांबवा ना गाडी!" असं रोज कुणीतरी म्हणायचं. बाई म्हणायच्या, "वेळ नाही. बसून घ्या." बावीस वर्षं त्यांनी लोकांना हेच सांगितलं, आणि खरं सांगू का, सगळ्यांत जास्त थांबायचं त्यांनाच असायचं. तिकिटं फाडता फाडता त्या तळ्याकडे एकदाच बघून घ्यायच्या आणि पुन्हा सुट्ट्या पैशांसाठी हुज्जत घालायला लागायच्या.

आमच्या जोडीचं डेपोत मोठं नाव होतं. सलग अकरा वर्षं एकही अपघात नाही! तशी पाटी माझ्या कपाळावर लावली होती, आणि ती मिरवताना मी फुगून जायचे, हे कबूल करते. मग नव्या गाड्या आल्या. त्यांची दारं आपोआप उघडायची. मला डेपोच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं. पाटी काढून नेली. टायर बसले, काचांवर धूळ साचली. एका मांजरीने मागच्या बाकावर चार पिल्लं घातली, तेव्हा बरं वाटलं. निदान कुणीतरी बसायला आलं.

एक दिवस भंगारवाला आला आणि माझा पत्रा बोटाने टकटक वाजवून बघू लागला. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "ओ, हात लावायचा नाही. ही माझी आहे." आमचे साहेब! निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती त्यांना. त्यांनी लिलावात मला घेतलं आणि दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणलं.

बाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या. "सायकल ठेवायला जागा नाही आपल्याकडे, आणि तुम्ही बस घेऊन आलात?"

"अगं, आता आपण हिच्यात राहायचं. फिरायचं. वाटेल तिथे थांबायचं."

"वाटेल तिथे?" बाईंनी विचारलं. "तळ्यापाशीसुद्धा?"

"तळ्यापाशी तर पहिलं."

बाई आत गेल्या, बादली घेऊन आल्या आणि माझ्या काचा पुसायला लागल्या.

पुढचे सहा महिने सुताराने माझ्या नाकी नऊ आणले. बाकं निघाली, पलंग आला, पलंगाखाली पाण्याची टाकी आली, भिंतीला घडीचं टेबल लागलं. सुतार दोन खिडक्या बुजवून कपाट करायला निघाला होता. बाई म्हणाल्या, "खबरदार! कपडे पिशवीत राहतील, खिडक्या नाही राहणार." माझी एकही खिडकी गेली नाही.

मग त्या घडीच्या टेबलावर सहलीचा बेत सुरू झाला. साहेबांनी वही आखली. आगमन, प्रस्थान, किती मिनिटं थांबा, सगळे रकाने. बाई हसून हसून बेजार झाल्या. "अहो, आपण सहलीला निघालोय की ड्यूटीवर? 'दगडी पूल, नऊ वाजून चाळीस मिनिटं, थांबा सात मिनिटं'? सात मिनिटांत माझा चहासुद्धा उकळत नाही!" साहेबांनी मिनिटं खोडली. पाणी कुठे भरायचं, मुक्काम कुठे करायचा, कुठल्या झाडांच्या फांद्या माझ्या छताला लागतील, हे मात्र त्यांनी अगदी बारकाईने लिहिलं. सहा दिवस, सात थांबे. बाईंनी वही हातात घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"दगडी पुलाच्या अलीकडे, पेट्रोल पंपाचं आवार. लाकडाच्या वखारीसमोर. मग... हे काय? खडी कारखान्याचं मैदान? अहो, तळ्याच्या अगदी समोर आहे तो कारखाना! तळं सोडून मी खडी बघायची?"

"जागा ऐसपैस आहे तिथे," साहेब म्हणाले. "मोठी गाडी आहे. वळवायला बरी."

"आणि तळ्याच्या कडेला काय कमी जागा आहे? दोन ट्रक आरामात उभे राहतात."

"चालत जाऊ की तळ्यापर्यंत. रस्ता ओलांडला की तळं."

विषय तिथेच राहिला. पण बाई कंडक्टर होत्या, मित्रांनो. बावीस वर्षं प्रत्येक थांब्यावर दार उघडलेलं. त्यांच्या हाताला थांबे पाठ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच आत आल्या, वही उघडली आणि एकेका थांब्यावर बोट ठेवत गेल्या. पंप, उजवीकडे. वखार, उजवीकडे. कारखाना, उजवीकडे. सातही थांबे उजवीकडे! ज्या माणसाने आयुष्यभर गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावली, तो माणूस समोरची वाहतूक कापून सात वेळा पलीकडे जायला निघाला होता.

त्या खाली उतरल्या. माझ्या डाव्या बाजूला आल्या. तिथे तीन ओरखडे होते. फाटकाच्या खांबाला मी तीन वेळा घासले होते. साहेब म्हणाले होते, "खांबच पुढे आलाय." उजव्या बाजूला माझ्यावर एक रेघ नव्हती.

मला हे कधीपासून माहीत होतं. अंगणात मला मागे-पुढे घेताना साहेब डाव्या आरशासाठी सगळी मान वळवायचे, आणि तरी चाक दगडावर चढायचं. मी किती वेळा गचके दिले, हॉर्नचं बटण अडकवून ठेवलं, पण गाडीचं कोण ऐकतं! मेकॅनिक आला आणि हॉर्न दुरुस्त करून निघून गेला.

साहेब आले तेव्हा बाई माझ्या पायरीवर बसल्या होत्या. "डाव्या डोळ्याने कधीपासून दिसत नाही?" त्यांनी सरळ विचारलं.

साहेब आधी हसले. मग चिडले. "काहीतरीच काय! मी अकरा वर्षं..."

"अकरा वर्षांचं मला सांगू नका, मी मागेच उभी होते. कधीपासून?"

साहेब माझ्या चाकाला टेकून खाली बसले. "वर्ष झालं असेल. कडेचं दिसत नाही. वाटलं, सांगितलं तर गाडी जाईल, सहल जाईल. तुला तळं दाखवायचं राहून जाईल. भीती वाटली गं."

"आणि दरीत गेलो असतो तर मी काय बघितलं असतं?" बाई रडल्या, मग रागावल्या, मग त्यांनी साहेबांचा हात धरला आणि त्याच दुपारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नव्हतं. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण रोज थेंब घातले तर तो टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. आणखी वर्षभर गप्प बसला असतात तर दोन्ही गेले असते, असंही म्हणाले. आणि गाडी चालवायची नाही, हे तर त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यानंतर चार दिवस साहेब माझ्याकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं. पुन्हा भिंत, पुन्हा मांजरीची पिल्लं. पाचव्या दिवशी ते आले ते सूनबाईला घेऊन.

मित्रांनो, सूनबाई शाळेची बस चालवते. या गोष्टीवरून साहेबांनी तिची किती टिंगल केली होती! 'मुलांची ने-आण म्हणजे काय ड्रायव्हिंग?' असं म्हणायचे. आता त्यांनी खिशातून माझी चावी काढली, दोनदा या हातातून त्या हातात घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"सुट्टी मिळेल का गं तुला, सहा दिवस?"

सूनबाईने चावीकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "मिळेल, बाबा. पण एक अट आहे. शेजारी बसून ब्रेक दाबायचा नाही."

"तिथे कुठे ब्रेक आहे?"

"तेच म्हणतेय मी!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. संध्याकाळी तिघांनी टेबल उघडलं आणि वही नव्याने लिहिली. सूनबाई विचारत होती, साहेब सांगत होते. कुठल्या वळणाला कुठला गिअर, कुठे कडा भुसभुशीत आहे, कुठे चढावर आधीच वेग घ्यायचा. तिने एकेक शब्द लिहून घेतला. इतक्या वर्षांत साहेबांचं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि आम्ही निघालो. पहिल्या वळणावर साहेबांचा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला. "बाबा, पाय!" सूनबाई म्हणाली. "मुंगी आली होती," साहेब म्हणाले. दहाव्या वळणापर्यंत त्या मुंग्या येतच होत्या. मग थांबल्या, कारण पोरगी खरोखर उत्तम चालवते. माझ्यासारख्या जाणकार गाडीचं हे मत आहे, लिहून ठेवा.

तळ्याच्या कडेला तिने मला असं अलगद लावलं की टाकीतलं पाणीसुद्धा हललं नाही. बाई खाली उतरल्या. साहेबही उतरायला लागले, पण पायरी त्यांच्या डावीकडे होती आणि ते चाचपडले. आधी त्यांनी ते लपवलं असतं. आता ते उघडपणे म्हणाले, "अगं, मला पायरी दिसत नाहीये. हात दे."

बाईंनी हात दिला.

मित्रांनो, माझ्या रंगाची, टायरची काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते लोक माझं सगळं नीट करतात. मला दुसरंच सांगायचंय. तुमच्या घरात कुणी एकाच बाजूच्या दाराला धडकत असेल, कप टेबलाच्या बाहेर ठेवत असेल आणि वर हसून 'टेबलच सरकलंय' म्हणत असेल, तर गप्प बसू नका. ते चिडतील. चिडू द्या. त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. मी सहा महिने सगळं बघत होते आणि मला एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला बोलता येतं.